शेवटचे दोन थेंब
संपादकांच्या उपकरणांवरच्या मालिकेत सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण आधीच वाटून झाले होते. माझ्या वाट्याला ब्युरेट आली. पन्नास मिलीची काचेची नळी, खाली तोटी. हिच्या घराण्याची माहिती लवकर आटोपते: अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या कापड-विरंजनाच्या धंद्यात जन्म, पुढे जर्मनीच्या मोर यांनी दिलेलं सुटसुटीत रूप. सामू, म्हणजे पीएच, मोजण्याची पट्टी मात्र 1909 ची. ती कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आखली.

मला अडकवलं ते एका तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबच्या मामांनी. डावा हात तोटीवर, उजव्या हातात फिरता फ्लास्क, नजर खालच्या पांढऱ्या फरशीवर. "फनेल काढा आधी," ते मुलांवर खेकसतात, "वरून थेंब पडला की रीडिंग गेलं."

फ्लास्कमध्ये 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 25 मिली, ब्युरेटमध्ये तेवढ्याच तीव्रतेचा कॉस्टिक सोडा. मामांनी माझ्यासाठी पीएच मीटरही लावला. सुरुवातीला सामू 1. साडेबारा मिली, म्हणजे निम्मं आम्ल संपलं, तरी काटा दीडवरच. 20 मिलीला दोनच्या किंचित अलीकडे. 24 ला 2.7. एवढं ओतूनही काही घडत नाही म्हणून मी चुळबुळ करू लागलो, तर मामा तोटी आणखी आवळत होते.

सामू एका अंकाने वाढायचा तर हायड्रोजन आयन दहापट विरळ व्हावे लागतात. पहिले नव्वद टक्के आम्ल मारायला साडेबावीस मिली खर्ची पडतात. उरलेल्याच्या नव्वद टक्क्यांना सव्वादोन मिली पुरतात, त्यानंतरच्याला पाव मिलीही लागत नाही. कर्जाचे शेवटचे चार आणे फेडताना सावकाराची सगळी वही उलटावी, तसा हा हिशेब. 24.95 मिलीला सामू 4, 25 ला 7, 25.05 ला 10. एक थेंब साधारण 0.05 मिलीचा, म्हणजे दोन थेंबांत हायड्रोजन आयन दहा लाखपटीने घटले. पुढे आलेख पुन्हा आडवा: 26 मिलीला सामू 11.3.

ही उडी एवढी उंच, की रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक कुठला घ्यावा याची फिकीर उरत नाही. मिथाइल ऑरेंज 4.4 च्या आसपास पूर्ण पिवळा होतो, फिनॉल्फ्थॅलीन आठच्या पुढे गुलाबी. दोघांचा निकाल एका थेंबाच्या फरकात लागतो. म्हणूनच नवशिक्यांच्या हाती हा प्रयोग देतात.

पण द्रावणं शंभरपट पातळ करा, 0.001 मोलर. आता त्याच दोन थेंबांत सामू फक्त 6 वरून 8 ला जातो, आणि मिथाइल ऑरेंज जवळजवळ दोन मिली आधीच पिवळा होऊन बसतो. मीटरचंही समतुल्य बिंदूपाशी, म्हणजे आम्ल नेमकं संपतं तिथे, धड चालत नाही: तिथे द्रावणाला सामू धरून ठेवायची ताकदच नसते, त्यामुळे आकडा सरकत राहतो. सगळ्यांत खोडकर कॉस्टिक सोडा. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्याचा काही भाग कार्बोनेट होतो. फिनॉल्फ्थॅलीनला त्या कार्बोनेटची निम्मीच ताकद दिसते, मिथाइल ऑरेंजला पूर्ण. मग दोन दर्शक दोन उत्तरं देतात. काचेच्या तोटीत सोडा राहिला तर तोटीच घट्ट धरते. मामा ब्युरेट धुतल्याशिवाय घरी जात नाहीत, सोडा प्लास्टिकच्या बाटलीत ठेवतात, पाणी उकळून घेतात आणि द्रावणाची तीव्रता ऑक्झॅलिक आम्लाशी पुन्हा ताडून पाहतात.

एवढं करूनही त्यांची रीडिंगं पहिल्या फटक्यात जुळत नाहीत, 24.9, 25.1, 25.0 असं काहीतरी येतं. मुलांच्या जर्नलात मात्र तीनही ओळींत 25.0. सीबीआर, म्हणजे तिन्ही वेळा सारखं ब्युरेट रीडिंग, जमलं नाही तर गुण जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तपासणारेही त्यावर सही करतात. मी मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "पहिलं खरं असतं, सर. बाकीची दोन पेन्सिलीनं."