वाबिगूनच्या पाण्यातला पारा

कॅनडाच्या ओंटारियो प्रांताचा वायव्य भाग म्हणजे तळ्यांचा आणि जंगलांचा मुलूख. ग्रासी नॅरोज आणि वाबसीमूंग या अनिशिनाबे आदिवासींच्या वस्त्या इथल्या इंग्लिश आणि वाबिगून नद्यांच्या जिवावर जगत आल्या. पिकरेल आणि पाइक हे मासे म्हणजे त्यांचे रोजचे जेवण आणि कमाईही. १९७० मध्ये त्यांना बजावण्यात आले की, या नद्यांतले मासे खाऊ नका. अर्धशतक उलटून गेले, तरी हा सल्ला मागे घेता आलेला नाही.

दोष माशांचा नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावात कागदाची गिरणी आहे. लगदा पांढराशुभ्र करायचा तर क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून ही दोन्ही रसायने तयार करणारा विभाग गिरणीने जवळच उभारला. तिथल्या टाक्यांत पाऱ्याचा वाहता थर हाच ऋणध्रुव असे. कागदोपत्री हा पारा पुन्हा पुन्हा वापरायचा. प्रत्यक्षात तो सांडपाण्याबरोबर निसटत राहिला. १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा वाबिगून नदीत गेला. गिरणी तेव्हा रीड या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या मालकीची होती.

नदीत पडलेला पारा तळाशी गप्प बसत नाही. गाळातले जिवाणू त्याचे मिथाइलमर्क्युरी करतात. ते सूक्ष्मजीवांतून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत आणि तिथून मोठ्या शिकारी माशांत जाते. प्रत्येक पायरीला त्याचे प्रमाण वाढते. पिकरेल आणि पाइक या शिडीच्या टोकाला असतात. कॅनडात विक्रीच्या माशांसाठी मर्यादा आहे दहा लाख भागांत अर्धा भाग. इथल्या माशांत तिच्या कित्येक पट पारा सापडला. पारा मांसात भिनलेला असल्याने साफ करून, तळून किंवा उकडून तो जात नाही.

याचा पहिला घाव वाटाड्यांवर बसला. हौशी पर्यटकांना होडीतून मासेमारीला नेणे हा इथला मोठा रोजगार. दुपारी काठावर चूल पेटवायची, ताजा पिकरेल लोखंडी तव्यात तळायचा, सोबत बटाटे. पाहुण्यांबरोबर वाटाड्यानेही जेवायचे. पर्यटक आठवड्याने घरी परतत, वाटाडे मात्र हंगामभर तेच खात. बंदी आली, व्यापारी मासेमारी थांबली, पर्यटकांचे मुक्काम ओस पडले. १९६३ मध्येच ग्रासी नॅरोजच्या लोकांना जुनी वस्ती सोडून रस्त्याजवळ हलवले होते. त्यात आता हातचे कामही गेले.

१९७५ मध्ये कुमामोतोहून डॉ. मासाझुमी हाराडा इथे आले. जपानमधील मिनामाता इथल्या पाराबाधित रुग्णांवर त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती. आईच्या पोटातच पाऱ्याची बाधा झालेली मुले त्यांनी तपासली होती. महागडी यंत्रे न वापरता त्यांनी हातापायांना टोचून बधिरता पाहिली, सरळ रेषेत चालायला लावले, नजर बाजूने किती दूरवर पोचते ते मोजले. मिनामातात पाहिलेल्या खुणा त्यांना इथेही आढळल्या. ही लक्षणे दारूमुळेही असू शकतात, असा युक्तिवाद मात्र होत राहिला. २०१२ मध्ये निधन होण्याआधी हाराडा अनेकदा इथे येऊन गेले.

१९८५ मध्ये भरपाईबाबत तडजोड झाली. दोन्ही वस्त्यांना मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर. पुढच्या वर्षी पारा-अपंगत्व मंडळ स्थापन झाले. कंप, बधिरता, तोल जाणे यांना गुण द्यायचे. ठरावीक गुण भरले तरच भत्ता, महिना २५० ते ८०० डॉलर. तीन दशके हा भत्ता महागाईशी जोडलाच नव्हता. ज्याने विष प्यायले, त्यानेच ते आपल्या अंगात आहे हे सिद्ध करायचे!

पुरावा तर सरकारी कपाटातच होता. १९७० पासून या लोकांचे केस आणि रक्त तपासून नोंदी ठेवल्या जात होत्या. संशोधक डोना मर्गलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदी मृत्यूंशी ताडून पाहिल्या. केसांत पाऱ्याचे प्रमाण जास्त असलेली माणसे लवकर गेली, असा निष्कर्ष त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. २०२४ मध्ये वेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गिरणीच्या सांडपाण्यातून आजही नदीत जाणारे सल्फेट जिवाणूंना खाद्य पुरवते आणि जुन्या पाऱ्याचे नवे मिथाइलमर्क्युरी बनत राहते.

ओंटारियो सरकारने २०१७ मध्ये नदी साफ करण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर जाहीर केले. त्याच वर्षी केंद्र सरकारने रुग्णांसाठी उपचारकेंद्राचे आश्वासन दिले. जून २०२४ मध्ये ग्रासी नॅरोजने दोन्ही सरकारांविरुद्ध दावा दाखल केला. त्याचा आधार आहे १८७३ चा तिसरा करार. त्यात सरकारने त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला होता.

‘मासे खाऊ नका’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पथ्य लोकांनी पाळायचे आणि गाळ जिथल्या तिथे, हा न्याय नव्हे. नदी साफ करणे हीच खरी भरपाई, आणि ती अजून बाकी आहे.