राबातलं रोप आणि गाणारं लेकरू

मागच्या काही महिन्यांत आम्ही ज्या ज्या गटांच्या सभेला गेलो, तिथे हप्ता गोळा झाला, वहीवर सह्या झाल्या की हमखास एक विषय निघतो. कोणाची मुलगी मोबाइलवरचं गाणं एकदा ऐकून जसंच्या तसं म्हणते. कोणाचा नातू चार वर्षांचा आहे, पण भजनाला बसला की टाळ चुकवत नाही. मग ताई विचारतात, "आता याचं पुढं काय करायचं?" आपल्याकडे हळदीच्या कार्यक्रमात अशा लेकरांना स्टेजवर उभं करतात. रात्री बारा-एकपर्यंत गाणं चालतं, लोक नोटा देतात. कौतुक होतं, चार पैसेही येतात. पण पुढं काय, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून आज आम्ही दोन लेकरांची गोष्ट सांगणार आहोत. दोघांचं नाव सात-आठ-दहा वर्षांच्या वयात गाजलं. एक आपला, बेळगावकडचा. दुसरी परमुलखातली, अडीचशे वर्षांपूर्वीची. एकाचा गुण फळाला आला, दुसरीचा घरातच राहिला. असं का झालं, ते नीट बघू या.

सुळेभावीचा शिवपुत्र

रेडिओवर तुम्ही 'ऋणानुबंधाच्या' हे गाणं ऐकलं असेल. वाणी जयराम यांच्याबरोबर तो जो पुरुषाचा आवाज आहे, तो पंडित कुमार गंधर्वांचा. त्यांचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावी गावात. घरची भाषा कानडी. वडील स्वतः गाणारे होते, त्यामुळे घरात सूर होताच.

हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना एकाएकी गायला लागला. त्या काळी मोबाइल नव्हता, ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. मोठमोठ्या गवयांची तबकडी तो ऐकायचा आणि हुबेहूब गाऊन दाखवायचा. नुसती चाल नाही. तान, हरकत, आवाज लावायची पद्धत, सगळं. ते ऐकून एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' अशी पदवी दिली. गंधर्व म्हणजे देवांचा गवई. ती पदवीच पुढे जन्मभराचं नाव झाली.

मग वडील त्याला घेऊन गावोगाव फिरू लागले. जलसे होऊ लागले. एवढंसं पोर मोठ्या माणसांसारखं गातंय, हे बघायला लोक गर्दी करायचे. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरली होती. तिथे हा मुलगा गायला आणि मोठमोठे गवई थक्क झाले. तेव्हा त्याला बारावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची वाटते ना? फक्त तबकडीच्या जागी मोबाइल ठेवा.

नक्कल आणि शिक्षण

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. त्या मुलाला सगळं गाता येत होतं, पण आपण काय गातोय ते कळत नव्हतं. हा राग कोणता, त्यात कोणते सूर चालतात, कोणते चालत नाहीत, का चालत नाहीत, हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. पोपटाला 'विठू विठू' म्हणता येतं तसं. लोक वाहवा करत होते, तोवर असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण लेकरू मोठं झालं, आवाज फुटला, की अशी वाहवा थांबते. चौदा वर्षांच्या मुलाने नक्कल केली तर कोणी तोंडात बोट घालत नाही.

मुंबईची ती परिषद भरवणारे प्रोफेसर बी. आर. देवधर. ते मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गिरगावात ऑपेरा हाऊसजवळ त्यांची संगीतशाळा होती. वडिलांनी मुलाला त्यांच्या हवाली केलं. दौरे करून कमावणारा मुलगा शिकायला बसवायचा, म्हणजे घरात येणारा पैसा थांबवायचा. हा निर्णय सोपा नव्हता. पण तो झाला, आणि तिथून गोष्ट बदलली. देवधर मास्तरांकडे कुमारजी सुमारे अकरा वर्षं राहिले, शिकले आणि पुढे तिथेच शिकवूही लागले.

देवधर मास्तरांची एक पद्धत फार चांगली होती. माझ्याच घराण्याचं गा, असा त्यांचा हट्ट नव्हता. जिथे चांगलं असेल तिथून घ्या, असं ते म्हणत. म्हणून कुमारजी अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकले. अंजनीबाई गोव्याकडच्या, आपल्या काळातल्या फार मोठ्या गायिका. संगीत नाटक अकादमीचा सर्वांत मोठा मान म्हणजे फेलोशिप. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई.

आपण भातशेतीवाल्या बायका. आपल्याला हे वेगळं समजावायला नको. राबातलं रोप किती हिरवंगार दिसतं! डोळे निवतात. पण ते राबातच ठेवलं तर दाणा धरत नाही. ते उपटून, चिखलात वाकून एकेक आवा लावावा लागतो. लावणीनंतर चार दिवस रोप मलूल दिसतं, पिवळं पडतं. मग मूळ धरतं. लेकराच्या गुणाचंही तसंच आहे. शिकायला बसवलं की काही दिवस ते आधीपेक्षा वाईट गातंय असं वाटतं, कारण आता ते नक्कल सोडून स्वतः सूर शोधत असतं. तेव्हा आईबापांनी धीर धरायचा असतो.

आपल्या ठाण्याचं उदाहरण घ्या. पंडित राम मराठे यांचाही जन्म १९२४ चाच, पुण्याचा. प्रभात कंपनीच्या १९३८ च्या 'गोपाळकृष्ण' सिनेमात बाळकृष्ण झालेला मुलगा म्हणजे तेच. सिनेमात नाव झालं होतं, पण ते त्यावर थांबले नाहीत. मास्टर कृष्णराव, जगन्नाथबुवा पुरोहित अशा गुरूंकडे वर्षानुवर्षं शिकले, तेव्हा कुठे गवई आणि संगीतकार झाले. ते ठाण्यात राहिले. आजही ठाणे महानगरपालिका त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते.

सहा वर्षांचं मौन

कुमारजींची परीक्षा मात्र अजून व्हायची होती. १९४७ साली त्यांचं लग्न भानुमतीबाईंशी झालं. त्याही देवधर मास्तरांच्याच शिष्या. लगेचच कुमारजींना क्षयरोग झाल्याचं निदान झालं. कोरडी हवा हवी म्हणून दोघं मध्य प्रदेशातल्या देवास या गावी जाऊन राहिली. ते साल १९४८. डॉक्टरांनी सांगितलं, गायचं नाही. सातव्या वर्षापासून जो मुलगा फक्त गातच आला, त्याने पाच-सहा वर्षं गाणं बंद ठेवायचं!

या काळात भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. कुमारजींच्या मोठेपणाची गोष्ट सांगताना हे नाव आपण विसरायचं नाही. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध मिळालं आणि ते बरे झाले. (जाता जाता सांगतो, आज क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लपवू नका, आशाताईंना सांगा.)

अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजी काय करत होते? ऐकत होते. घरासमोरून जाणाऱ्या माळव्याच्या बायका लग्नाची, सणाची, पावसाची गाणी म्हणत जायच्या. नाथपंथी जोगी भजनं गात यायचे. ज्या माणसाने बड्या बड्या गवयांना ऐकलं होतं, त्याने आता या बायकांचं गाणं कान देऊन ऐकलं, ते लिहून घेतलं. त्यांच्या लक्षात आलं की चार-पाच सुरांच्या त्या साध्या चालींमध्ये रागाचं बीज आहे. बरे झाल्यावर त्यांनी त्या चालींमधून नवे राग बांधले. त्यांना ते 'धुनउगम राग' म्हणत, म्हणजे लोकगीताच्या धुनेतून उगवलेले राग. त्यांनी स्वतः रचलेल्या बंदिशींचं पुस्तक 'अनूपरागविलास' १९६५ साली निघालं.

नक्कल करणारा मुलगा असा स्वतःची रचना करणारा संगीतकार झाला. भानुमतीबाई १९६१ साली बाळंतपणात गेल्या. पुढे वसुंधराताई त्यांच्या आयुष्यात आल्या. त्या स्वतः गायिका, मैफलीत मागे बसून साथ करणाऱ्या. कुमारजींना १९९० साली पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच ते गेले.

मैत्रिणींनो, या गोष्टीत आपल्यासाठी एक निरोप आहे. आपल्या आगरी-कोळी लग्नात धवले गाणारी धवलारीण असते, वारली लग्न लावणारी धवलेरी असते. जात्यावरच्या ओव्या आपल्या सासवांना पाठ आहेत. हे 'अडाण्याचं गाणं' नाही. याच मातीतून राग उगवतात. गाणाऱ्या लेकराला आधी त्यांच्याजवळ बसवा.

साल्झबर्गची नानर्ल

आता दुसरी गोष्ट. युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे, तिथलं साल्झबर्ग शहर. तिथे मोझार्ट नावाचा संगीतकार १७५६ साली जन्मला. तो पाचव्या वर्षी छोट्या छोट्या रचना करायचा. जगात कुठेही 'लहानपणीच असामान्य' म्हटलं की पहिलं नाव त्याचं घेतात. तो वाजवायचा ती वाद्यं पियानोच्या जातीची. आपल्या पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पण आत भाता नाही, तारा असतात.

त्याला एक थोरली बहीण होती, मारिया आन्ना. घरात तिला नानर्ल म्हणत. ती त्याच्याहून साडेचार वर्षांनी मोठी. वडिलांनी आधी तिला शिकवायला घेतलं. तिच्यासाठी धड्यांची एक वही केली. ती वाजवायची, हा लहानगा शेजारी उभा राहून बघायचा आणि पट्ट्या चाचपायचा. म्हणजे मोझार्टची वाद्याशी ओळख झाली ती ताईच्या शेजारी उभं राहून!

वडिलांनी दोघांना घेऊन दौरे काढले. १७६३ ते १७६६ अशी साडेतीन वर्षं सगळं कुटुंब घोडागाडीतून पॅरिस, लंडन करत फिरत होतं. दोघंही राजेरजवाड्यांपुढे वाजवायची, दोघांचंही कौतुक व्हायचं. वाटेत मुलं वारंवार आजारी पडली. नानर्ल तर एकदा मरता मरता वाचली.

मग ती अठरा वर्षांची झाली. १७६९ च्या शेवटी वडील मुलाला घेऊन इटलीला निघाले. नानर्ल आईबरोबर घरी राहिली. मुलगी मोठी झाली, आता तिच्या लग्नाचं बघायचं. तिने एक रचना करून भावाला पाठवली होती, आणि भावाने पत्रातून तिची मनापासून वाहवा केली होती. आज तिची एकही रचना शिल्लक नाही. भावाच्या सहाशेच्या वर रचना जग वाजवतं. पुढे तिचं पाच मुलं असलेल्या बिजवराशी लग्न झालं. नवरा गेल्यावर ती गावी परतली आणि शिकवण्या घेऊ लागली.

एकच घर, एकच गुरू, एकच वाद्य. रोपंही दोन्ही हिरवीगार. एकाची लावणी झाली, दुसरं राबातच राहिलं.

आपल्या गावात हे आजही होतं. मुलगा गायला लागला की तबला-पेटी येते. मुलगी गायला लागली की बारा-तेरा वर्षांनंतर 'आता पुरे' होतं. क्लास लांब, रात्री कोण आणणार, लोक काय म्हणतील. यात मुलीचा गुण कमी पडत नाही. कमी पडते ती सोबत. आणि सोबत ही गोष्ट गट देऊ शकतो.

गटाने काय करावं

पहिलं, गुरू शोधा. कल्याण-डोंबिवली-ठाण्यात संगीत शिकवणारे पुष्कळ आहेत, कल्याण गायन समाजासारख्या जुन्या संस्था आहेत. गावाच्या भजनी मंडळातला पेटीवालाही सुरुवातीला चालेल. चार गावच्या चार मुली असतील तर एकत्र पाठवा. आया आळीपाळीने सोबत जातील.

दुसरं, परीक्षा द्यायला लावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक ते विशारद अशा पायरीपायरीने असतात. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा झालेल्या असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात. आठवी-नववीतच शाळेत चौकशी करा.

तिसरं, पैशाचं. लेकराला मालिका, सिनेमा किंवा टीव्हीच्या कार्यक्रमाला बोलावणं आलं तर कायदा माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, शाळा बुडवायची नाही. काम देणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. आणि मिळालेल्या पैशातले किमान २० टक्के त्या मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. हळदीच्या नोटांना हा कायदा विचारत नसेल, पण आपण बचत गटाच्या बायका आहोत. लेकराने कमावलेल्यातला वाटा लेकराच्या नावाने ठेवायला आपल्याला कोणी सांगायला नको.

चौथं, गळा आणि झोप जपा. मध्यरात्रीपर्यंत स्पीकरवर गायलेलं लेकरू सकाळी शाळेत पेंगतं आणि त्याचा घसा बसतो. दहाच्या आत लेकरू घरी, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा.

पुढच्या सभेत वहीचं एक पान यासाठी ठेवा. आपल्या गटाच्या घरांत गाणारी, वाजवणारी, चित्र काढणारी लेकरं कोण, त्यांची नावं लिहा. मुलींची नावं आधी लिहा. आणि प्रत्येक नावापुढे लिहा, हिच्याबरोबर क्लासला कोण जाणार.