वस्तीचे भांडार

संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून घोषित केलेल्या २०२५ सालातच नागपुरातील अजनीकडील आमच्या वस्तीतील सहकारी ग्राहक भांडाराचा गंजलेला फलक उतरविला गेला. ज्या ओट्यावर पन्नास वर्षांपूर्वी शेजारीपाजारी पिशव्या घेऊन बसत, तेथे आता घरपोच किराणा नेणारी मुले आपल्या दुचाक्या टेकवून पुढच्या फेरीची वाट पाहतात. ती बिचारी पोटासाठी राबतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु जिन्नस दहा मिनिटांत दाराशी येतो आणि शेजाऱ्याचे नाव वर्षानुवर्षे कळत नाही, या व्यवस्थेविषयी मात्र आहे.

ग्राहक सहकाराची पूर्वपीठिका फारशी रोमहर्षक नाही. १९०४ चा सहकार कायदा पतपेढ्यांसाठी झाला. महायुद्धकाळात नियंत्रित धान्य वाटण्यासाठी भांडारे निघाली आणि नियंत्रणे उठताच बहुतेक मावळली. मुंबईतील नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ मध्ये निघालेल्या ‘अपना बाजार’ने मूळ धरले, हा सन्माननीय अपवाद. पुढे १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्र सरकारने ग्राहक भांडारांची योजना हाती घेतली, जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि ज्या दशकाचा मी साक्षी आहे ते सुरू झाले.

इतवारीच्या बाजारात दर सकाळी निराळा भाव निघत असे, अशा त्या दिवसांत रेल्वेतील कारकून, एम्प्रेस मिलचे कामगार, शिक्षक आणि दोनचार तेलुगू कुटुंबे यांनी भाग घेऊन आमचे भांडार उभे केले. तुरीची डाळ, चिन्नोर तांदूळ, जवसाचे तेल, भिवापुरी मिरची यांची ठोक खरेदी करून पोती ओट्यावर उतरत, आणि निवडण्या-पाखडण्याच्या निमित्ताने ज्या स्त्रिया एरवी एकमेकींच्या उंबरठ्याशी गेल्या नसत्या, त्या दुपारभर एका सुपाशी बसत. उधारी नव्हती, परंतु गिरणीतला पगार लांबला की त्या घरची पिशवी रिकामी राहू नये म्हणून शेजारी आपसांत वर्गणी काढीत आणि त्याचा गवगवा होऊ देत नसत. १९७२ च्या दुष्काळात, रेशनवर परदेशी मिलो धान्य पदरात पडत असताना, भांडारात आलेली ज्वारी घरातील माणसे मोजून वाटावी हा ठराव वस्तीनेच केला, आणि ज्यांच्याजवळ अधिक पैसा होता त्यांनीही तो पाळला. काटा सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले, रोजकीर्द कोणीही उघडून पाहावी असा शिरस्ता होता, आणि वार्षिक सभेत ताळेबंदावरून जे कडाक्याचे वाद होत, त्या वादांतच माणसांना माणसे कळत.

हे मोडले कसे? इंग्लंडातील रॉचडेल येथे १८४४ मध्ये अठ्ठावीस जणांनी ज्या तत्त्वांवर दुकान काढले, त्यांत ‘एक सभासद, एक मत’ हे मुख्य होते; आमच्याकडे सरकारी भागभांडवल आले, त्यामागून सरकारी हुकूम आले, आणि अखेरीस प्रशासक येऊन दप्तर ताब्यात घेऊन बसला. ज्यांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले, त्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद भूषविले. पण महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांनी उत्पादकांच्या सहकारातून सत्ता उभारताना ग्राहकांच्या सहकाराला मात्र सतत सावत्रपणे वागविले. तथापि सर्व दोष सरकारचा म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. गणसंख्येअभावी जी सभा तहकूब झाली आणि जिच्यानंतर कारभार आमच्या हातून गेला, तिला मीही गैरहजर होतो. आम्ही मालक होतो ते गिऱ्हाईक झालो. कुलूप त्यानंतर लागले.

हा ऱ्हास अटळ होता असे मला कोणी सांगू नये. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी आणि आलेला माल कोणा एकाच्या घरी मापून वाटून घ्यावा, ही पद्धत दुकानावाचून चालत आली. तिला फलक लागला नाही, लागली ती माणसांची हजेरी.

नागपुरात बीजोत्सवाच्या निमित्ताने विषमुक्त धान्य पिकविणारे शेतकरी दरवर्षी शहरात येतात, आणि आपण पाचपाच किलो घेऊन आपापल्या घरी परततो. यंदा तसे करू नका. आपल्या मजल्यावरची, आपल्या गल्लीतील दहा घरे अगोदर एकत्र बसवा, वर्षाच्या तुरीचा हिशेब करा, पैसे जमा करून पोते एकाच दारी उतरवा आणि ते सर्वांसमक्ष मापा. आणि पहिल्या सभेला, काय वाटेल ते झाले तरी, हजर राहा.