पत्त्यावर दुसरीच पाटी!
१९९२ ते १९९६ या काळात भागविक्रीची लाटच आली होती. निवृत्तीचा पैसाही कित्येकांनी त्यात घातला. पुढे लाभांश नाही, पत्राला उत्तर नाही. पत्त्यावर जावे तर दुसरीच पाटी! सरकार व सेबीने शोध घेतला, तेव्हा दोनशेहून अधिक कंपन्या बेपत्ता निघाल्या.

कंपनी निबंधकांकडे दरवर्षी ताळेबंद सादर करणे बंधनकारकच. पण तो आलाच नाही, तर विचारणार कोण? २०१७ मध्ये मात्र दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून खोडली गेली. २००६ पासून या नोंदी संगणकावर येऊ लागल्या. संचालक कोण, शेवटचा ताळेबंद केव्हाचा, हे पैसे गुंतवण्यापूर्वी कुणालाही घरबसल्या पाहता येते.