सात वाजले की मोती दाराशी

संध्याकाळी सातच्या सुमाराला गंगापूर रोडवर आनंदवल्लीच्या बाजूला गेलात, तर एक काका आणि त्यांचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा हमखास दिसतील. काका कुत्र्याला फिरवतायत असं मात्र वाटत नाही. मोती पुढे, पट्टा ताणलेला, आणि काका मागून "अरे हळू, हळू रे बाबा!" करत जवळजवळ पळतायत. बघणाऱ्याला हसूच येतं. पण तीन वर्षांपूर्वी याच काकांचं पाऊल जिन्यावर वाजलं की हाच मोती पलंगाखाली जाऊन लपायचा, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही.

काका आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले. त्यांची गोष्ट लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "लिही. पण माझं नाव नको, मोतीचं टाक. त्याने काही वाईट केलेलं नाही."

काका दारू प्यायचे. सणासुदीला वगैरे नाही, रोज. सात वाजता ठरलेल्या मित्रांबरोबर ठरलेल्या जागी बसायचे आणि दहाला घरी. मग आरडाओरडा, भांड्यांची आदळआपट. एक-दोनदा मोतीला लाथही बसली. त्यांची मुलगी तेव्हा नववीत होती. ती सांगते, "बेल वाजायच्या आधीच मला कळायचं. मोती उठून पलंगाखाली गेला, की मी पण पुस्तकं उचलून आतल्या खोलीत जायची." जणू मोती म्हणजे तिचा धोक्याचा कंदीलच!

आता प्रश्न असा, की मोतीला दार बंद असताना कसं कळायचं?

पहिलं उत्तर अर्थातच नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर! पोटात गेलेली दारू रक्तात मिसळते आणि तिचा थोडा भाग श्वासातून, घामातून बाहेर पडतो. वेलदोडा चघळून माणसं फसतील, मोती कसला फसतोय!

नाक नुसती दारूच ओळखतं असंही नाही. २०२२ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात एक गमतीदार प्रयोग झाला. ३६ माणसांना ९००० पासून १७-१७ वजा करत उलटं मोजायला लावलं, तेही भराभर. (तुम्हीही करून बघा. तिसऱ्या पायरीला घाम फुटतो की नाही ते सांगा!) आधीचा श्वास-घाम आणि नंतरचा श्वास-घाम असे नमुने घेऊन चार कुत्र्यांना हुंगायला दिले. ७२० चाचण्यांपैकी ६७५ वेळा कुत्र्यांनी ताणातला नमुना अचूक ओळखला. म्हणजे आपली धास्ती कुत्र्याला अक्षरशः वासाने कळते. काकांच्या घरी तर नऊ वाजल्यापासूनच काकू आणि मुलगी धास्तावलेल्या असायच्या. मोतीपर्यंत ते पोचत नसेल असं कसं म्हणायचं? स्वीडनमध्ये २०१९ साली ५८ कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकांचे केस तपासले, तेव्हाही असंच दिसलं होतं. ताण वाढला की शरीरात जे द्रव्य वाढतं ते केसांत साठत जातं, आणि मालकाच्या केसांत ते जास्त तर कुत्र्याच्याही केसांत जास्त!

दुसरं उत्तर पाठ्यपुस्तकात सापडेल. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह. १९०४ साली पचनक्रियेवरच्या कामासाठी नोबेल मिळालेला हा माणूस कुत्र्यांमुळे जास्त ओळखला जातो. जेवणाच्या आधी दरवेळी एखादा ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मोतीच्या बाबतीत जिन्यावरचं अडखळतं पाऊल हा तो आवाज, आणि त्यामागून येणारी गोष्ट जेवण नव्हे, लाथ. मग त्याने पलंगाखाली जायचं नाही तर काय करायचं?

एके दिवशी काका पुण्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाले. पुण्यात हे काम जुनं आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली तिथे मुक्तांगण सुरू केलं. अशा ठिकाणी दारू सोडवायला डॉक्टर असतात, कारण अट्टल पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात थरथरतात, झोप उडते, कधी कधी जिवावरही बेतू शकतं. पण त्यापुढचं काम मोठं असतं. दारूशिवाय दिवस कसा काढायचा, हे तिथे शिकवतात.

महिना उलटून गेल्यावर काका परत आले. घरी सगळ्यांना वाटलं होतं, आता मोती सिनेमातल्यासारखा धावत येऊन अंगावर उड्या मारणार. काकू तर दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या! मोती आला. चप्पल हुंगली, पँट हुंगली, खाली वाकलेल्या काकांचं तोंड बराच वेळ हुंगलं. आणि शांतपणे जाऊन पलंगाखाली बसला.

"तेव्हा फार लागलं मला," काका म्हणाले. "सगळे म्हणत होते, शाब्बास, सुटलात! हा एकटाच काही बोलेना."

मला वाटतं, मोतीचं बरोबर होतं. काकांनी घरच्यांना यापूर्वी शंभर शपथा दिल्या असतील. कुत्र्याला शपथ कळत नाही. त्याला रात्री दहा वाजता काय होतं ते कळतं. एक दहा झाले, दोन दहा झाले, चाळीस दहा झाले, आणि लाथ आली नाही. मग मोती पलंगाखालून अर्धा बाहेर येऊन बसायला लागला. दोन महिन्यांनी दाराजवळ. काकांनी त्याला ओढलं नाही की बिस्किटं दाखवून बोलावलं नाही. ते खाली फरशीवर बसून पेपर वाचायचे, बस्स.

आणि चौथ्या महिन्यात सगळं बिनसलं! लग्नाला आलेले एक पाहुणे रात्री घरी मुक्कामाला आले, ते पिऊन. मोती पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही. पुढचा आठवडाभर काकांनाही चुकवत होता. हेही पावलॉव्हने पाहून ठेवलं होतं, बरं का. आवाज करायचा पण जेवण द्यायचं नाही, असं करत राहिलं की तोंडाला पाणी सुटणं थांबतं. पण मधे खंड पडला की ते अचानक पुन्हा उगवतं. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं.

हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते चालता चालता थांबलेच. "अरे, माझं पण तसंच आहे की!" म्हणाले. त्यांची घंटा म्हणजे घड्याळातले सात. सात वाजले की घसा कोरडा पडायचा. दारूच्या दुकानाची पाटी दिसली, जुना मित्र भेटला, की संपलंच. केंद्रात त्यांना सांगितलं होतं, त्या वेळेला दुसरं काहीतरी लावून घ्या, आणि तो रस्ता टाळा. म्हणून त्यांनी सात वाजता मोतीला फिरवायचं ठरवलं. जुना अड्डा शहराच्या बाजूला, म्हणून हे उलट दिशेला. रोज आनंदवल्लीपर्यंत, रविवारी सोमेश्वरला, गोदावरीच्या काठी.

सुरुवातीला मोती घाबरत घाबरत, पट्ट्याच्या पार टोकाला चालायचा. पण फिरणं कुठल्या कुत्र्याला नकोसं होतं? पंधरा-वीस दिवसांत सात वाजायच्या आधीच तो दाराशी जाऊन बसायला लागला. एकदा पावसाची झोड उठली होती आणि काकांना जुन्या मित्राचा फोन आला, "अरे ये ना, नुसता बस." काका सांगतात, "मी चप्पल घातली होती. मनात काय होतं ते मलाच ठाऊक. मागे बघतो तर हा पट्टा तोंडात धरून उभा." त्या दिवशी दोघं चिंब भिजून आले.

मोतीने काकांना वाचवलं, असं लिहायचा मोह होतो. पण मोतीला दारू, व्यसन, संकट यातलं काही कळलं नव्हतं. त्याला फिरायला जायचं होतं! आपण कुत्र्यांच्या चेहऱ्यावर आपलं मन चिकटवतो. अपराधी चेहऱ्याचंच घ्या. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने २००९ साली दाखवलं, की कुत्र्याने खाऊ चोरलेला नसला तरी मालक रागावला की तो तसाच ओशाळा चेहरा करतो. मोतीने काकांना 'माफ' केलं का, हे म्हणूनच मी काकांना विचारलं नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे दहा वाजत असतील, तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. व्यसन सोडायचं असेल त्यांच्यासाठी १४४४६.

काकांची मुलगी आता बारावीला आहे. तिला म्हटलं, मग आता धोक्याचा कंदील बंद ना? ती हसली. "मोतीचं काय, तो आता बेल वाजली की पोस्टमनलासुद्धा शेपूट हलवतो. पण मी अजून दार उघडायच्या आधी पलंगाखाली बघते."