मनाने स्वार, हाताने कारागीर

सकाळच्या पाळीची वेळ झाली की भोसरी-मोशीकडून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ लागते. या गर्दीत गाडी चालविणारे पुष्कळ. पण मनाने स्वार असणारा कोण? सायलेन्सर बदलून मोहल्ला दणाणून सोडणारा तरुण? आमच्या मते नव्हे. चेनचा आवाज बदलताच ज्याचे कान टवकारतात, ब्रेक सैल असल्यास ज्याला चैन पडत नाही, तो खरा स्वार. असा स्वार पुष्कळदा गॅरेजात घडतो.

आपल्या पट्ट्याला दुचाकीचा मोठा वारसा आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ साली ‘चेतक’ स्कूटर आणली. २००१ साली आलेली ‘पल्सर’ चाकणला बनली. २०१२ साली भारतात आलेली केटीएम ड्यूक २०० आणि २०२३ सालची ट्रायम्फ स्पीड ४०० याही चाकणच्याच.

या गाड्यांच्या आधारावर आपल्या कित्येक कारागिरांची चूल पेटते. उस्तादाच्या हाताखाली पाने-पक्कड उचलता उचलता मुलगा शिकतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवून, नुसत्या आवाजावरून गाडी ‘लावणे’ हे त्याचे कसब.

परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. हवा किती, इंजिन किती तापले, हे सेन्सर सांगतात आणि पेट्रोल किती सोडायचे ते कंट्रोल युनिट ठरवते. कानाने लावायचा स्क्रू उरला नाही. बिघाडाचा कोड स्कॅनरवर वाचावा लागतो. ज्याला तो वाचता येत नाही, तो अंदाजाने भाग बदलतो. गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात आणि पुढच्या खेपेस ते दुसरे दार गाठते.

म्हणून जुने कसब फुकट गेले काय? मुळीच नाही. स्कॅनर फक्त बोट दाखवतो. दोष सेन्सरचा की उंदराने कुरतडलेल्या वायरचा, हे अखेर हात आणि नजरच शोधतात. दोन्ही ज्याला येते त्याला मरण नाही.

आमची सूचना साधी आहे. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा. घरातील एका तरी मुलाला आयटीआयमध्ये घालावे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवावा आणि पावती द्यावी. दारात उभी असलेली गाडी ही अमानत आहे. तिच्या ब्रेकमध्ये नकली लायनर घालणे म्हणजे नुसती लबाडी नव्हे, कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

आणि स्वारांनो, आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, अशी आपल्याला शिकवण आहे. आजच्या स्वारासाठी उंट बांधणे म्हणजे हेल्मेटचा पट्टा आवळणे आणि निघण्यापूर्वी ब्रेक तपासणे. घरी वाट पाहणाऱ्यांचा आपल्यावर तेवढा हक्क आहेच.