नवी घोडी कळपात सोडताना

दसरा-दिवाळी उलटली की धनगर मंडळी मेंढरे घेऊन वाटेला लागतात. त्यांचे बिऱ्हाड, म्हणजे भांडीकुंडी, वाघरी, कोंबड्या आणि दमलेली लहान पोरे, घोड्यांच्या पाठीवर असते. टांगे गेले, ट्रॅक्टर आले, तरी आपल्या बेळगाव-चिकोडीकडच्या माळावर घोडी अजून दिसतात ती बहुतेक या मंडळींची. काही शर्यतीच्या नादाने बाळगलेली. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या जत्रेतून नवे जनावर आले की घरातल्यांना आनंद होतो. आधीपासून असलेल्या घोड्यांना मात्र तो होत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या शेजाऱ्यांनी एक तांबडी घोडी विकत आणली. निम्मे पैसे उसनवारीचे. पळून जाऊ नये म्हणून तिच्या पुढच्या पायांना पायबंद घातला आणि संध्याकाळी घरच्या तीन घोड्यांत सोडून दिली. ती कुंपणाच्या कोपऱ्यात सापडली. जुन्या घोडीने पाठ फिरवून दुगाण्या झाडल्या आणि नवीच्या मागच्या पायाची नळी मोडली. घोड्याचे असे हाड सहसा सांधत नाही. तिसऱ्या दिवशी घोडी गेली. कर्ज पुढे दोन वर्षे राहिले.

जुन्या घोडीला खुनशी म्हणण्यात अर्थ नाही. कळपात प्रत्येकाचा मान ठरलेला असतो. पाण्यावर आधी कोण, चाऱ्यावर आधी कोण, हे सगळ्यांना माहीत असते. नवा आला की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बहुतेक वेळा तो कान मागे पाडून, मान पुढे काढून, नुसत्या धमकीवर मिटतो, कारण दुबळा बाजूला सरतो. म्हणून नव्याला सरायला जागा हवी आणि पाय मोकळे हवेत. पायबंद घातलेले जनावर मोकळ्या घोड्यांत कधीही सोडू नये. आमच्याकडे ही चूक अजून होते, आणि होते ती काळजीपोटीच.

पण सोडण्याची वेळ पुढची. आधी तीन आठवडे नवे जनावर वेगळे बांधावे. पाण्याची बादली, तोबरा, खराराही वेगळा. जत्रेत शंभर ठिकाणची जनावरे नाकाला नाक लावतात. जबड्याखाली गाठी येऊन पिकणारा, नाकातून पू वाहणारा ‘स्ट्रँगल्स’ हा रोग लागण झाल्यावर साधारण तीन ते चौदा दिवसांत दिसू लागतो. नाक वाहण्याच्या एक-दोन दिवस आधी ताप चढतो, म्हणून रोज सकाळी थर्मामीटर लावावा. मोठ्या घोड्याचा ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर पशुवैद्यकांना कळवावे. ग्लँडर्स त्याहून वाईट. तो माणसालाही होतो, त्यावर उपचार करू देत नाहीत आणि रोगी जनावर मारावे लागते. २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी देणे बंधनकारक आहे. रक्ताची तपासणी पशुवैद्यकांमार्फत करून घ्यावी. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे या कामातले प्रमुख ठिकाण. याच मुदतीत जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस उरकून घ्यावी.

चाराही याच दिवसांत बदलावा. पहिल्या मालकाकडे काय खात होती ते विचारून घ्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपली वैरण वाढवत न्या. घोड्याला ओकारी होत नाही. एकदम हिरवा चारा किंवा जास्त धान्य पडले तर पोटशूळ उठतो आणि तो जिवावर बेततो.

मुदत संपली की मधे भक्कम कुंपण ठेवून दोन-चार दिवस एकमेकांचा वास घेऊ द्यावा. काटेरी तार नको. नाकाला नाक लागले की किंचाळणे, पुढचा पाय आपटणे होणारच. त्याने घाबरू नये. मग कळपातली सर्वांत शांत घोडी निवडून तेवढीच नवीबरोबर चरायला सोडावी. दोघींचे जमले की बाकीच्यांची पाळी. त्यामुळे नवीला निदान एक सोबतीण असते. सोडण्याआधी मागच्या पायांचे नाल नालबंदाकडून काढून घ्यावेत, कारण लोखंडाची लाथ वेगळी. नवीला दिवसाउजेडी दोरीने कुंपणाच्या कडेकडेने फिरवून आणावे, म्हणजे तार आणि खड्डे कुठे आहेत ते तिला कळते. खच्ची न केलेला घोडा आणि तान्हे शिंगरू असलेली घोडी या मिसळणीत आणू नयेत.

सकाळी सोडावे, संध्याकाळी नव्हे. दिवसभर कोणीतरी नजर ठेवू शकते. घोडी चार असतील तर कडब्याचे ढीग पाच, तेही दहा-बारा पावलांच्या अंतराने. पाणी दोन ठिकाणी. अंगावर दातांचे ओरखडे दिसतील, केस उडालेले दिसतील, ते चालते. पण नवीला पाण्यापर्यंत जाऊच देत नाहीत, सारखी पळवतात, ती लंगडते किंवा खात नाही, असे दिसले तर त्याच दिवशी तिला बाहेर काढून पुन्हा कुंपणापासून सुरुवात करावी.

कुणाचे चार दिवसांत जमते, कुणाला महिना लागतो. दोघी उलट-सुलट तोंडे करून उभ्या राहिल्या आणि एकमेकींची पाठ दातांनी खाजवू लागल्या, की त्या रात्रीपासून नवीचा खुंटा त्यांच्याच रांगेत ठोकायला हरकत नाही.